टेस्टपुरतं पथ्य

रक्ताची तपासणी म्हणजे परीक्षा आणि लॅबवाली म्हणजे पेपर तपासणारी बाई, हा समज आमच्या भागातल्या लोकांच्या डोक्यातून काढायला मला सोळा वर्षं पुरलेली नाहीत. भोकरदनच्या बस स्टँडजवळ माझी लहानशी लॅब आहे. पुढे बाकडी टाकलेली खोली, पडद्यामागे मशीन आणि फ्रिज, बस्स. सकाळी सातला शटर वर केलं की पायरीवर माणसं बसलेलीच असतात, आणि त्यातली बहुतेक शुगरवाली. शेती करणारे असतात, मेंढरं राखणारे असतात, मास्तर असतात, किराणा दुकानदार असतात, बुरखा सावरत बसलेल्या खाला असतात आणि हल्ली तर लग्नाला दोन वर्षंही न झालेली पोरं असतात. कुणाला शुगर झाली ही आमच्याकडे आता बातमीच राहिलेली नाही. कुणाला झाली नाही, एवढंच लोक कौतुकानं सांगतात.

शुगर होते, हे मला समजतं. घराण्यात असते, वयानं येते, खाण्यापिण्यानं येते. मला समजत नाही ते त्याच्या पुढचं. झालेली शुगर नीट आटोक्यात ठेवणारी माणसं सोळा वर्षांत मी किती पाहिली, तर त्यांची यादी वहीच्या अर्ध्या पानातही मावेल. आणि त्या यादीतलं सगळ्यात वरचं नाव मला पुढे स्वतःच्या हातानं खोडावं लागलं.

लोक करतात काय, तर टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस पथ्य करतात. फक्त तेवढेच दिवस. आणि ते मला अभिमानानं सांगतात. "ताई, परवापासून भाताला हात लावला न्हाई, आज रिपोर्ट चांगलाच येनार." एक बाई टेस्टच्या आदल्या दिवशी नुसत्या काकड्यांवर राहते. एक गृहस्थ बसमधून उतरले की आधी स्टँडला पाच चकरा मारतात, घाम पुसतात आणि मग माझ्या पायरीवर येतात. एक म्हातारबुवा तर मला बोट निवडून देतात. "ह्या बोटातून नका घेऊ बाई, मागच्या टायमाला ह्याच्यातून लई आल्ती." मी कपाळावर हात मारून घेते आणि दुसऱ्या बोटाला सुई लावते, कारण मागे अजून पंधरा माणसं बसलेली असतात.

जेवणानंतरच्या टेस्टची गंमत तर विचारूच नका. घरी रोज जेवता तसं जेवा आणि दोन तासांनी या, असं मी घसा फोडून सांगते. हे लोक तीन चमचे पोहे खातात आणि दोन तास पोट आवळून बसतात. दुसऱ्यांदा रक्त देऊन झालं, की तीच मंडळी रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जातात. माझ्या खुर्चीतून ते हॉटेल सरळ दिसतं. भजी येतात, जिलबी येते, गोड चहाचे कप येतात. सुरुवातीला मी उठून तिथं जायची आणि भांडायची. ते तोंडातला घास गिळून म्हणायचे, "आता काय ताई, आता तर टेस्ट झाली!"

आणि चांगला रिपोर्ट हातात पडला की गोळ्या बंद. नॉर्मल आली म्हणून बंद केल्या, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत ते मला ऐकू येतं. अहो, गोळी घेतली म्हणून ती नॉर्मल आली, असं समजावलं तर लोक माझ्याकडे दयेनं बघतात. या बाईला साधी गोष्ट कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. मग कडुनिंबाचा रस सुरू होतो, जांभळाच्या बियांची पूड सुरू होते, कुणाच्या तरी मोबाईलवर आलेला काढा सुरू होतो. दोन वर्षांनी तोच माणूस डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून, नाहीतर पायांची आग होते म्हणून माझ्या बाकड्यावर येऊन बसतो. येण्याआधी तीन दिवस पथ्य करूनच.

या सगळ्यांवर इलाज असलेली एक टेस्ट आहे. आम्ही तिला तीन महिन्यांची टेस्ट म्हणतो. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटून बसते, त्यामुळे मागच्या तीन महिन्यांत ती साधारण किती होती हे त्या एका टेस्टमध्ये कळतं. दोन दिवसांच्या काकड्यांनी ती हलत नाही. तिचं मशीन माझ्याकडे चार वर्षांपूर्वी आलं. पण ती साध्या टेस्टपेक्षा महाग पडते, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली तरच लोक ती करतात, आणि लिहिली तरी निम्मे जण ती ओळ सोडून बाकीच्या टेस्ट सांगतात.

आता माझ्या वडिलांबद्दल.

आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, आणि बाकी सगळं गाव गुरुजी म्हणतं. गाव म्हणजे धावडा, इथून बसनं जावं लागतं. तिथल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सदऱ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेली सूत्रं, चपलेच्या तळव्याला चिकटवलेला कागद, सगळं त्यांना लांबून दिसायचं. सातवीत असताना खुद्द मला त्यांनी सहामाहीला दोन मार्कांनी नापास केलं होतं. आईनं रात्रीचा स्वयंपाक न करता संप पुकारला, तरी ते दोन मार्क काही वाढले नाहीत. मला तेव्हा फार राग आला होता. पुढे मात्र मी ही गोष्ट कौतुकानं सगळ्यांना सांगू लागले.

आठ वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, ते सकाळच्या पहिल्या बसनं यायचे. धुतलेला पांढरा सदरा, खिशात पेन. रांगेत शेवटी बसायचे. "बाप म्हणून पुढं घेऊ नको," असं बजावायचे. उपाशीपोटीची नॉर्मल, जेवल्यानंतरची नॉर्मल. कधी एकशे पाच, कधी एकशे दहा. मी रिपोर्ट हातात दिला की खिडकीशी उभं राहून ते तो दोनदा वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि इकडे तिकडे बघायचे. आणि मी? मी बाकड्यावरच्या लोकांना ऐकवायची संधी सोडायची नाही. "बघा, हे माझे वडील. साठी उलटली, आठ वर्षांची शुगर आहे, आणि रिपोर्ट बघा! तुम्हाला का जमत नाही?" लोक माना डोलवायचे. आण्णा खाली बघून चपलेचा पट्टा नीट करायचे. हळूहळू गावातले शुगरवाले त्यांना युक्ती विचारायला जाऊ लागले, हे मला कळलं होतं, आणि मला बरंच वाटलं होतं.

एकदा बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला होता. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. मी घाईघाईनं साखरपाणी पाजलं. दहा मिनिटांत ते सावरले. "बसमधी उभं राहून आलो ना, गर्दी लई व्हती," म्हणाले. शुगर एकदम खाली गेल्याची ही लक्षणं मी रोज लोकांना तोंडपाठ सांगते. साधी गोळी रोज घेणाऱ्या, व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाची शुगर अशी का कोसळावी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. त्या दिवशीचा रिपोर्टही मी खुशाल छापून दिला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आईला घरातल्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले. ती नुकतीच झाडून गेली होती. दारापासून पलंगापर्यंत एक एक डाग, आणि तिथं आण्णा निवांत पेपर वाचत बसलेले. तिनं पाय उचलायला लावला. उजव्या तळव्यात, करंगळीच्या खाली, बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवती पू झाला होता. काटा चप्पल फोडून आत गेला होता. कधी गेला, शेतात गेला की बांधावर, आण्णांना काहीच सांगता येईना. "मला तर काई लागलंच न्हाई," एवढंच ते म्हणत राहिले. आईनं काटा काढला, हळद भरली. त्यांनी तोंड सुद्धा वाकडं केलं नाही. आईला ते त्यांचं धैर्य वाटलं.

पंधरा दिवसांनी मी घरी गेले तेव्हा जखम तशीच होती, उलट खोल गेली होती, आणि खोलीत वास येत होता. मी त्यांना तसंच उचलून भोकरदनला आणलं. माझ्या लॅबच्या शेजारी ज्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांनी पायाला ठिकठिकाणी टोचून बघितलं. "कळतंय का गुरुजी? इथं? इथं?" आण्णांना काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पाय बधिर झालाय, आणि अशा पायाची जखम शुगर जास्त असेल तर भरत नाही. ती हाडापर्यंत गेली तर बोट जातं, आणि तिथंही थांबली नाही तर पाय जातो.

"शुगर कशी आहे त्यांची?" त्यांनी विचारलं.

मी फाईल उघडली. एकाखाली एक लावलेले सगळे रिपोर्ट. सगळ्यांवर माझी सही. त्यांनी ते चाळले आणि म्हणाले, "तरी एकदा तीन महिन्यांची करून घेऊ या का?"

"काही गरज नाही सर," मी म्हणाले. "दर दोन महिन्यांनी मीच तर करते. एकदम कंट्रोलमध्ये आहे त्यांची."

हे वाक्य मी कसं म्हणाले, कुठल्या सुरात म्हणाले, ते मला जसंच्या तसं आठवतं. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? मी लॅबवाली, आणि मुलगी. मग शुगर सोडून बाकी सगळी कारणं शोधली गेली. रक्तपुरवठा तपासला, औषधं बदलली, आण्णांना गावी नेऊन घरीच रोज ड्रेसिंग सुरू झालं. कुणाची तरी नजर लागली म्हणून आईनं ती उतरवली. तीन आठवडे गेले. जखम भरेना, आणि करंगळी कडेनं काळी पडू लागली.

त्याच आठवड्यात चाचा लॅबमध्ये आले. चाचा म्हणजे आण्णांचे शेजारी आणि जुने दोस्त, गावातले टेलर. आमच्या शाळेचे सगळे गणवेश त्यांनीच शिवलेले. त्यांच्या घरी उर्दू बोलतात, पण आमच्याशी ते मराठीच बोलतात, आपल्या पद्धतीची. त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, आणि जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर साध्या टेस्टबरोबर तीन महिन्यांचीही लिहून दिली होती. उपाशीपोटीची आली एकशे आठ. तीन महिन्यांची आली बारा. सातच्या आत पाहिजे, तिथं बारा. मला वाटलं मशीन बिघडलं. मी परत लावली. परत बारा.

मी चाचांना पडद्याआड बोलावलं. "चाचा, एक गोष्ट खरी सांगा. गोळ्या घेता का?"

"घेतो ना बेटी. झूट कशाला बोलू? गुरुजीनं सांगितलं तसंच बराबर करून राह्यलो."

"काय सांगितलंय गुरुजींनी?"

चाचा माझ्याकडे आश्चर्यानं बघायला लागले. मुलगी असून हिला ठाऊक नाही! मग त्यांनी मला पद्धत समजावून सांगितली, अगदी बोटं मोजत. "रोज रोज गोळी खायची जरूरत न्हाई. ती जमा करून ठेवायची. टेस्टच्या तीन दिवस आधी जेवन बंद, निस्तं ताक आन् काकडी. आन् त्या तीन दिवसांत गोळी डबल. मंग बिलकुल नॉर्मल येती. गावात समदे तसंच करतेत. तुझ्याकडं कुनाचा रिपोर्ट खराब आला का सांग?"

"आणि गुरुजी?" मी विचारलं.

"अगं, गुरुजीनंच तर शोधून काढलं!" चाचा कौतुकानं म्हणाले. "गनिताचं डोकं हाये त्यांचं."

मी बाकड्यावरच्या लोकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं. पिशवीत सुई, नळी आणि स्पिरिटचा बोळा टाकला आणि चाचांबरोबरच धावड्याची बस धरली. वाटेत चाचा दोनदा म्हणाले, "मंग आता माझं आपरेशन न्हाई व्हनार का?" शुगर खाली आली की होईल, मी म्हणाले. "खालीच तर हाये ना, एकशे आठ," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. ज्याच्यावर ओरडायचं होतं तो माणूस घरी पाय उशीवर ठेवून पडला होता.

आण्णा ओसरीतल्या पलंगावर होते. आई ताटात वरण-बट्टी घेऊन बसली होती, वर तूप सोडलेलं. मी नमस्कार चमत्कार काही केला नाही. "गोळ्या कुठं आहेत?" एवढंच विचारलं. आण्णा माझ्या मागं उभ्या असलेल्या चाचांकडे बघू लागले. चाचा चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले. शेवटी आई उठली, कपाट उघडलं आणि त्यांची जुनी कंपासपेटी आणून माझ्यापुढे ठेवली. आत गोळ्यांच्या पट्ट्या रबर लावून, तारखेवार रचून ठेवलेल्या होत्या. कितीतरी आठवड्यांच्या गोळ्या. एक एक नीट जपलेली.

"तुलाही ठाऊक होतं?" मी आईला विचारलं.

"मला वाटलं, तूच सांगितलं असेल तसं," ती म्हणाली. "रिपोर्ट तर तूच चांगले देत व्हतीस."

मी आण्णांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. आख्ख्या शाळेच्या कॉप्या पकडणारे तुम्ही, मला दोन मार्कांनी नापास करणारे तुम्ही, आणि माझ्याच लॅबमध्ये आठ वर्षं कॉपी करता? सगळ्या गावाला शिकवता? तुमचा पाय जायची वेळ आली तरी तोंडातून शब्द काढत नाही? चाचा मध्ये पडले, "जाऊ दे बेटी, जाऊ दे," आणि मी त्यांनाही सोडलं नाही.

माझं ओरडणं संपल्यावर आण्णा म्हणाले, "पहिल्या वर्षी एकदा एकादशीच्या दुसऱ्या दिवशीच आल्तो. उपासच घडला व्हता. रिपोर्ट चांगला आला. तू किती खूश झाल्तीस! समद्या लोकांना दाखवलास. पुढच्या टायमाला मला भ्या वाटलं, आता खराब आला तर तू त्याच लोकांना काय सांगशील."

"म्हणून उपाशी राहिलात?"

"तुझ्या तोंडावर नापास व्हता येईना मला."

तरी माझा राग पुन्हा वर आला, कारण रोजच्या जेवणाबद्दल तर ते काही बोललेच नव्हते. गावात एक लग्न, एक भंडारा, एक कंदुरीचं जेवण आण्णांशिवाय होत नाही. गुरुजी म्हणून मानाचं पान. बुंदीचे लाडू आग्रहानं वाढणारे त्यांचेच विद्यार्थी. नको म्हणवत नाही, असं त्यांचं म्हणणं. जगातल्या कुठल्याही पोराला सरळ नाही म्हणू शकणाऱ्या या माणसाला एका लाडवाला नाही म्हणवत नव्हतं.

मी पिशवीतून सुई काढली. त्यांनी हात पटकन मागे घेतला. "आज तर काईच तयारी न्हाई," म्हणाले.

"तीच नको आहे मला," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला.

रक्त घेऊन भोकरदनला परतले आणि मशीनवर तीन महिन्यांची टेस्ट लावली. आकडा आला साडेबारा. मी तो घेऊन शेजारी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली आणि त्याच दिवशी न्यायला सांगितलं.

तिथं इन्सुलिन सुरू झालं आणि चौथ्या दिवशी उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. सर्जन तरुण होता, घाईत होता. पाय सध्या वाचलाय, म्हणाला. पुढचं शुगरवर. ती आटोक्यात राहिली तर जखम भरेल, नाहीतर पुन्हा कापावं लागेल, आणि तेव्हा घोट्याच्या वरून. हे त्यानं आण्णांसमोरच सांगितलं. आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

वॉर्डात मी दिवसातून चार वेळा त्यांच्या बोटाला सुई टोचून मशीनवर शुगर बघायची आणि वहीत लिहायची. नर्स म्हणाली होती, तुम्ही लॅबवाल्याच आहात तर तुम्हीच करा. सहाव्या दिवशी सकाळी मी वही उघडून बसले होते. आई पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होती. आण्णा वर छताकडे बघत पडले होते. बराच वेळ काहीतरी मनात जुळवत असल्यासारखे दिसत होते.

"ही जी तीन महिन्यांची टेस्ट हाये," ते म्हणाले, "तिची तयारी किती दिवस आधीपासून करावी लागती?"

माझ्या हातातली वही फेकावी असं मला वाटलं. दोन बोटं गेली, उरलेल्या पायाचा भरवसा नाही, आणि हा माणूस अजून परीक्षेचा अभ्यास काढतोय! मी दात-ओठ खात म्हणाले, "तीन महिने."

ते विचार करू लागले. "आन् तिच्या पुढली टेस्ट कधी?"

"तीन महिन्यांनी."

"म्हंजी मधी सुट्टीच न्हाई."

"नाही."

"मंग हिच्यात काईच करता येत न्हाई," ते म्हणाले, आणि खरोखर हिरमुसले. एवढा मोठा माणूस, सगळ्या गावाचा गुरुजी, टेस्टला फसवता येत नाही म्हणून हिरमुसला होता. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

"मशीन कधी आलं हिचं तुझ्याकडं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

"मंग माझी कधीच का न्हाई केली?"

चिठ्ठी नव्हती, असं मी म्हणू शकले असते. बाकड्यावरच्या कुणालाही तेच सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं होतं. मी सांगितलं. जखम घेऊन पहिल्यांदा आलात तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं होतं, करू या का म्हणून. मीच नको म्हणाले. तुमचे रिपोर्ट मला ठाऊक आहेत म्हणाले.

आईचे हात थांबले.

"तवा बोटं कशी व्हती?" आण्णांनी विचारलं.

"चांगली होती."

ते पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिले. "म्हंजी वाचली असती."

"वाचली असती, आण्णा."

ते रागावले नाहीत, त्यांनी माझी समजूतही काढली नाही. बाहेर नाश्त्याची गाडी आल्याचा आवाज झाला. नाश्त्याआधीची टेस्ट राहिली होती, म्हणून मी मशीन काढलं, त्यात टेस्टची पट्टी लावली. त्यांनी हात पुढे केला आणि मी बोट धरणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. आधी सांगतो."

"काय?"

"सकाळी तू आंघोळीला गेल्तीस तवा बाजूच्या खाटेवरच्या पाव्हन्यानं चहा दिल्ता. गोड. आख्खा कप पिलो. आन् दोन बिस्किटं."

"आण्णा!"

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. बाजूच्या खाटेवरच्या पाहुण्यालाही मी बोलले, ज्याचा त्यात काही दोष नव्हता. नर्स दारातून डोकावून गेली. आण्णांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. हात मात्र मागे घेतला नाही. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी बोट आणखी पुढे केलं.

"घे," म्हणाले. "येऊ दे जेवढी यायची तेवढी."

मी सुई टोचली. आकडा यायला हवा तसाच आला, वाईट. मशीन मी माझ्याकडे वळवत होते, ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं, चष्मा नव्हता म्हणून डोळ्यांजवळ नेलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं. "दोनशे अठ्ठ्याऐंशी." मग आईनं आणि बाजूच्या पाहुण्यानंही ऐकावं अशा आवाजात पुन्हा एकदा वाचलं, आणि वहीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "लिही. आन् पुढं चहा बी लिही."